क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्माचे द्रवसदृश वर्तन

क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा ही अत्युच्च तापमानाला आढळणारी द्रव्याची एक अवस्था आहे. या अवस्थेत प्रोटॉन व न्यूट्रॉन यांचे स्वतंत्र अस्तित्व संपते आणि त्यांचे घटक असलेले क्वार्क व ग्लुऑन संपूर्ण प्रदेशात संचार करू शकतात. जड अणुकेंद्रकांच्या टकरींमध्ये ही अवस्था क्षणमात्र निर्माण होते. ती विरळ वायूप्रमाणे वागेल, असा अंदाज होता. प्रत्यक्षात ती अत्यल्प अंतर्गत घर्षण असलेल्या द्रवाप्रमाणे वाहते, असे इ.स. २००० नंतरच्या प्रयोगांत आढळले.

पार्श्वभूमी

सामान्य द्रव्यात क्वार्क एकटे आढळत नाहीत. तापमान सुमारे २ लाख कोटी केल्विनपर्यंत, म्हणजे सूर्याच्या गाभ्याच्या तापमानाच्या एक लाखाहून अधिक पट वाढल्यास हे बंधन सुटते. महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मायक्रोसेकंदांत विश्व याच अवस्थेत होते, असे मानले जाते.

डेव्हिड ग्रॉस, फ्रँक विल्चेक व डेव्हिड पोलित्झर यांनी १९७३ मध्ये दाखवले की, ऊर्जा वाढत जाते तसतसे क्वार्कांमधील बल क्षीण होत जाते. त्यामुळे पुरेशा तापलेल्या प्लाझ्मातील कण एकमेकांवर फारसा प्रभाव पाडणार नाहीत, अशी अपेक्षा होती.

लंबवर्तुळी प्रवाह

अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेतील 'रिलेटिव्हिस्टिक हेवी आयन कोलायडर' (रिक) या यंत्रात २००० पासून सोन्याच्या अणुकेंद्रकांच्या टकरी घडवण्यात येऊ लागल्या. दोन अणुकेंद्रके नेमकी समोरासमोर न आदळता थोडी बाजूने आदळली, तर त्यांचा एकमेकांवर येणारा भाग बदामाच्या आकाराचा असतो. तेथील कण परस्परांशी न आदळता निघून गेले, तर ते सर्व दिशांना सारख्याच प्रमाणात विखुरतील. परंतु तेथे द्रव असेल, तर बदामाच्या आखूड बाजूच्या दिशेने दाब अधिक झपाट्याने कमी होत असल्यामुळे द्रव्य त्या दिशेला जास्त जोराने ढकलले जाते. या विषमतेला लंबवर्तुळी प्रवाह म्हणतात. ती मोजण्याची कल्पना फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ झाँ-इव्ह ओलित्रो यांनी १९९२ मध्ये मांडली होती.

रिकवरील मोजमापांत हा प्रवाह मोठ्या प्रमाणावर आढळला आणि तो श्यानताविरहित द्रवाच्या गणिताशी जवळून जुळला. १८ एप्रिल २००५ रोजी तेथील चारही प्रयोगगटांच्या निष्कर्षांच्या आधारे या द्रव्याचे वर्णन जवळजवळ 'परिपूर्ण द्रव' असे करण्यात आले. सर्नच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये २०१० मध्ये शिशाच्या अणुकेंद्रकांच्या बऱ्याच अधिक ऊर्जेच्या टकरींतही असाच प्रवाह दिसला.

श्यानता

द्रायूच्या वेगवेगळ्या वेगाने सरकणाऱ्या थरांमध्ये संवेगाची देवाणघेवाण होते. तिच्यामुळे श्यानता निर्माण होते. वायूतील कण आदळण्यापूर्वी लांबवर जातात आणि आपला संवेग दूरच्या थरांपर्यंत नेतात. कणांमधील आंतरक्रिया प्रबळ असेल, तर ते वारंवार आदळतात व संवेग जवळच अडकतो. म्हणूनच अल्प श्यानता हा कणांमधील प्रबळ आंतरक्रियेचा पुरावा ठरतो.

येथे 'अल्प' हा शब्द सापेक्ष आहे. या प्लाझ्माची निरपेक्ष श्यानता डांबरापेक्षाही कितीतरी अधिक आहे. परंतु त्याची घनता व तापमान इतके प्रचंड आहे की, तुलनेसाठी श्यानता व एंट्रॉपी-घनता यांचे गुणोत्तर वापरावे लागते. कोव्हटुन, सोन व स्टारिनेट्स यांनी २००५ मध्ये स्ट्रिंग सिद्धांतातील पद्धतींच्या आधारे या गुणोत्तरासाठी ħ/४πk ही किमान मर्यादा सुचवली. येथे ħ हा लघुकृत प्लँक स्थिरांक व k हा बोल्ट्झमन स्थिरांक आहे. प्लाझ्मासाठी काढलेली किंमत या मर्यादेच्या सुमारे एक ते अडीच पट येते. पाणी व द्रवरूप हेलियम यांची किंमत याहून बरीच मोठी आहे.

असे वर्तन केवळ अत्युच्च तापमानातच दिसते असे नाही. २००२ मध्ये ड्यूक विद्यापीठात निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड केलेला लिथियम अणूंचा लांबट ढग मोकळा सोडला असता तोही आखूड बाजूच्या दिशेने अधिक वेगाने पसरला. दोन्ही प्रणालींत समान असते ती कणांमधील प्रबळ आंतरक्रिया.

इतर पुरावे

अणुकेंद्रकांतील कणांची मांडणी प्रत्येक टकरीत थोडी वेगळी असते. त्यामुळे काही टकरींत सुरुवातीचा आकार त्रिकोणाकडे झुकतो. अल्व्हर व रोलँड यांनी २०१० मध्ये दाखवलेला 'त्रिकोणी प्रवाह' त्यातून उद्भवतो. श्यानता जास्त असती, तर असे बारकावे पुसले गेले असते.

लहान थेंबांचा प्रश्न

प्रोटॉन-प्रोटॉन टकरींतून इतके लहान व अल्पायुषी द्रव्य तयार होते की, त्यात द्रवाचे गुणधर्म दिसणार नाहीत असे गृहीत धरले जाई. मात्र सर्नमधील सीएमएस प्रयोगाला २०१० मध्ये अशा काही टकरींतही प्रवाहासारख्या खुणा आढळल्या. रिकवरील फिनिक्स गटाने सोन्यावर प्रोटॉन, ड्युटेरॉन व हेलियम-३ आदळवून २०१८ मध्ये दाखवले की, प्रवाहाचा नमुना सुरुवातीच्या आकारानुसार बदलतो. द्रव म्हणवण्यासाठी किमान किती कण लागतात आणि टक्करीनंतर इतक्या त्वरेने द्रवस्थिती कशी येते, हे संशोधनाचे विषय आहेत.

भारतीय सहभाग

कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरसह भारतीय संस्थांनी रिकवरील 'स्टार' व सर्नमधील 'ॲलिस' या प्रयोगांसाठी फोटॉन मोजणारे शोधक बांधले. आयआयटी मुंबईचा ॲलिसमध्ये सहभाग आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या द्रव्याच्या अवस्थांतरांविषयी संगणकीय संशोधन झाले आहे.