घोड्यावरची रपेट आणि वाइन टेस्टिंग : एका दिवसाच्या सहलीचे नियोजन

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर विद्यार्थ्यांना पुढील गोष्टी करता येतील :
१. एका दिवसाच्या सहलीतील कामांचा क्रम कोणत्या मर्यादेवर ठरतो हे ओळखणे.
२. चाखलेल्या वाइनमधील अल्कोहोल आणि त्यामुळे रक्तात येणारे प्रमाण यांचा ढोबळ हिशोब करणे.
३. दोन पर्यायी आराखड्यांची तुलना करून सुरक्षित आराखडा निवडणे.

१. प्रस्तावना

नियोजन शिकवताना आपण बहुतेक वेळा कारखान्यातील किंवा बांधकामावरील उदाहरणे घेतो. कोणते काम आधी, कोणते नंतर, कशाला किती वेळ, कुठे अडेल, हे प्रश्न तिथे विचारतो. हेच प्रश्न सहलीलाही विचारता येतात. या पाठात आपण दक्षिण आफ्रिकेतील फ्रान्शहूक खोऱ्याचे उदाहरण घेऊ. तिथे पर्यटकांना घोड्यावरून द्राक्षबागांमधून फिरवतात आणि वाटेत वाइनरीमध्ये वाइन चाखण्यासाठी उतरवतात.

पहिल्या नजरेत हा प्रश्न वेळ बसवण्याचा वाटतो : प्रवास इतका, रपेट इतकी, जेवण इतके. पण इथे वेळ पुरेसा असतो. खरी मर्यादा आहे रक्तातील अल्कोहोलची. वाइन चाखून झाल्यावर दोन कामे उरतात : पुन्हा घोड्यावर बसणे आणि गाडी चालवत परत जाणे. दोन्ही कामांना तोल आणि तत्परता लागते, आणि दोन्ही अल्कोहोलमुळे आधी कमी होतात. म्हणून या सहलीचा आराखडा घड्याळाकडे बघून करायचा नसतो, चाखण्यानंतर कोणती कामे उरली आहेत ते बघून करायचा असतो.

२. ठिकाणाची ओळख

फ्रान्शहूक हे केपटाउनपासून साधारण ७५ ते ८० किलोमीटरवर, डोंगरांनी वेढलेले खोरे आहे. गाडीने सुमारे सव्वा तास लागतो. केपमध्ये द्राक्षांपासून पहिली वाइन १६५९ मध्ये निघाली. १६८८ मध्ये धार्मिक छळामुळे फ्रान्स सोडलेले ह्युगेनॉट लोक केपमध्ये आले आणि त्यांतील अनेकांना या भागात जमिनी मिळाल्या. गावाच्या नावाचा अर्थच ‘फ्रेंचांचा कोपरा’ असा आहे. त्याआधी या खोऱ्याला ‘हत्तींचा कोपरा’ म्हणत.

हवामान भूमध्यसागरी प्रकारचे आहे : पाऊस हिवाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये, उन्हाळा कोरडा. द्राक्षांची काढणी जानेवारीअखेर ते मार्च या काळात होते. त्या दिवसांत दुपारचे तापमान ३० अंशांच्या वर सहज जाते. याचा नियोजनावर सरळ परिणाम होतो : उन्हाळ्यात रपेट सकाळीच हवी, माणसासाठीही आणि घोड्यासाठीही.

३. घोड्याच्या बाजूचा हिशोब

*वजन.* घोड्याने स्वतःच्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांपेक्षा जास्त भार वाहू नये, हा सर्वत्र वापरला जाणारा ढोबळ नियम आहे. घोडा ४५० किलोचा असेल तर भार ९० किलो. यात खोगीरही धरायचे असते. खोगीर व इतर सामान १० किलो धरले तर स्वार ८० किलोपर्यंत. त्यामुळे बुकिंग करताना वजन विचारले तर संकोच न करता खरे सांगावे. तो आकडा त्या जनावराच्या पाठीसाठी असतो.

*वेग.* साधी चाल ताशी ६ ते ७ किलोमीटर, दुडकी चाल ताशी १२ ते १३ किलोमीटर. नवख्या लोकांची रपेट जवळजवळ पूर्ण साध्या चालीनेच होते. म्हणजे दोन तासांत १२ ते १४ किलोमीटर, थांबे धरून त्याहून कमी.

*उंची.* दीड मीटर उंच घोड्यावर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण २.४ मीटरवर असते. तिथून सरळ पडल्यास जमिनीला टेकतानाचा वेग असा :

वेग = √(२ × ९.८ × २.४) = ६.९ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी सुमारे २५ किलोमीटर.

घोडा उभा असतानाही हा वेग येतो. चालत्या घोड्याचा वेग त्यात वेगळा. म्हणून साध्या चालीच्या रपेटीलाही हेल्मेट हवे. अंगठ्यापासून टाचेपर्यंत बंद, लहान टाचेचा बूट घालावा. टाच असल्यास पाय रिकिबीतून आरपार जाऊन अडकत नाही. पडल्यावर पाय रिकिबीत अडकून फरफटणे हा पडण्यापेक्षा मोठा धोका आहे.

४. वाइनच्या बाजूचा हिशोब

टेस्टिंगमध्ये पेला भरून देत नाहीत. एक नमुना साधारण २५ मिलिलिटरचा असतो. ‘एवढ्याने काय होते’ असे वाटते, म्हणून बेरीज करून पाहू.

पाच नमुने × २५ मि.ली. = १२५ मि.ली. वाइन
अल्कोहोलचे प्रमाण १३ टक्के : १२५ × ०.१३ = १६.२५ मि.ली.
अल्कोहोलची घनता ०.७९ : १६.२५ × ०.७९ = सुमारे १२.८ ग्रॅम अल्कोहोल

रक्तातील प्रमाण काढण्यासाठी स्वीडिश शास्त्रज्ञ एरिक विडमार्क यांचे सूत्र वापरतात :

प्रमाण = अल्कोहोल (ग्रॅम) ÷ (शरीराचे वजन × गुणक)

गुणक पुरुषांसाठी सरासरी ०.६८ आणि स्त्रियांसाठी ०.५५ धरतात. शरीरातील पाण्याचे प्रमाण वेगळे असल्याने हा फरक येतो. उत्तर ग्रॅम प्रति किलो येते. त्याला १०० ने गुणले की ढोबळमानाने मिलिग्रॅम प्रति १०० मि.ली. रक्त मिळते.

स्वार ‘अ’, पुरुष, ७० किलो : १२.८ ÷ ४७.६ = ०.२७, म्हणजे सुमारे २७ मिलिग्रॅम.
स्वार ‘ब’, स्त्री, ५० किलो : १२.८ ÷ २७.५ = ०.४७, म्हणजे सुमारे ४७ मिलिग्रॅम.

एकाच टेबलावर बसून, तेवढेच नमुने घेऊन ‘ब’च्या रक्तातील प्रमाण ‘अ’च्या पावणेदोन पट होते. ‘मी ठीक आहे, तूही ठीक असशील’ हा तर्क इथे चालत नाही.

शरीर हे प्रमाण ताशी साधारण १५ मिलिग्रॅमने कमी करते. कॉफी, थंड पाणी किंवा मोकळी हवा यांनी हा वेग वाढत नाही. जेवणामुळे अल्कोहोल रक्तात उतरण्याचा वेग मंदावतो, म्हणून रिकाम्या पोटी टेस्टिंग करू नये.

हे सूत्र सरासरी माणसासाठी आहे. प्रत्यक्ष व्यक्तीत फरक पडतो. त्यामुळे या उत्तराचा उपयोग आराखडे ताडून पाहण्यासाठी करावा. ‘आता मी गाडी चालवू शकतो’ हे ठरवण्यासाठी कधीही करू नये.

५. दोन आराखड्यांची तुलना

*आराखडा १ : रपेटीच्या मध्ये टेस्टिंग*

९.३० रपेट सुरू
१०.३० पहिल्या वाइनरीत पाच नमुने
११.०० पुन्हा घोड्यावर
११.३० दुसऱ्या वाइनरीत पाच नमुने
१२.०० पुन्हा घोड्यावर, तबेल्याकडे परत

बारा वाजता स्थिती काय? दोन टेस्टिंगची बेरीज करू आणि दीड तासात उतरलेले सुमारे २२ मिलिग्रॅम वजा करू.

‘अ’ : ५४ − २२ = सुमारे ३२ मिलिग्रॅम
‘ब’ : ९४ − २२ = सुमारे ७२ मिलिग्रॅम

दक्षिण आफ्रिकेत सामान्य वाहनचालकासाठी मर्यादा १०० मि.ली. रक्तात ५० मिलिग्रॅम आहे, व्यावसायिक चालकासाठी २० मिलिग्रॅम. म्हणजे ज्या प्रमाणाला ‘ब’ला गाडी चालवता येणार नाही, त्या प्रमाणाला ती २.४ मीटर उंचीवर डोके घेऊन, स्वतःचे मन असलेल्या जनावरावर बसणार आहे. गाडीला निदान ब्रेक असतो. वाटेत पक्षी उडाला आणि घोडा बिचकला, तर तोल सावरायला अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त मिळत नाही.

*आराखडा २ : आधी रपेट, मग टेस्टिंग*

९.३० रपेट सुरू
११.३० रपेट संपली; घोडे तबेल्यात
१२.०० पाणी, हात-तोंड धुणे, जेवण
१.१५ एका वाइनरीत पाच नमुने
२.०० मोकळा वेळ
त्यानंतर परत; गाडी न चाखलेल्या चालकाकडे

यात एक वाइनरी कमी झाली. मोबदल्यात टेस्टिंगनंतरची दोन्ही धोक्याची कामे नाहीशी झाली : घोड्यावर पुन्हा कोणी बसत नाही आणि चाखलेला माणूस गाडी चालवत नाही. एकच वाइनरी कमी वाटत असेल तर जेवणानंतर घोडा नव्हे, वेगळे वाहन घ्यावे. फ्रान्शहूकमध्ये २०१२ पासून वाइनरींच्या दरम्यान ट्राम आणि बसची सोय आहे, तीही वापरता येते.

*आराखडा १ आधीच ठरला असेल तर?* बरेच पर्यटक तोच घेतात, कारण बागेतून बागेत घोड्यावरून जाण्यातच त्याची मजा असते. तेव्हा उपाय एकच : वाइन चाखून थुंकणे. प्रत्येक टेबलावर त्यासाठी भांडे ठेवलेले असते. व्यावसायिक परीक्षक असेच करतात, त्यात कोणाचा अपमान नाही. प्रत्येक नमुन्यातील फक्त ५ मि.ली. पोटात गेले असे धरले, तर एका टेस्टिंगला ‘ब’चे प्रमाण ४७ ऐवजी सुमारे ९ येते. शंका वाटली तर वाटाड्याला स्पष्ट सांगून परतीचा रस्ता गाडीने करावा. वाटाड्याने स्वतःहून घोडा नाकारला तर त्याच्याशी वाद घालू नये.

६. क्रमाचा चवीवर होणारा परिणाम

आधी रपेट, मग टेस्टिंग या क्रमाला चवीच्या दृष्टीने दोन अडचणी आहेत. दोन्हींवर उपाय सोपे आहेत.

पहिली अडचण तहान. दोन तास उन्हाधुळीत फिरून आलेला माणूस समोर आलेली थंड पांढरी वाइन पाण्यासारखी पितो. तिथे टेस्टिंग संपते आणि पिणे सुरू होते. म्हणून आधी भरपूर पाणी, मग जेवण, मग वाइन.

दुसरी अडचण वास. वाइन चाखणे हे निम्म्याहून अधिक नाकाचे काम आहे. हाताला घोड्याचा घाम आणि चामड्याचा वास असेल तर पेला नाकाशी नेताना तोच येतो. गंमत अशी की ब्रेटानोमायसिस नावाच्या यीस्टमुळे काही लाल वाइनमध्ये खरोखरच तबेल्यासारखा, घामट खोगिरासारखा वास येतो, आणि जास्त झाल्यास तो दोष मानतात. हात न धुता बसलात तर वाइनचा दोष कोणता आणि आपला कोणता, हे कळणार नाही.

नमुन्यांचा क्रम हलक्याकडून जडाकडे ठेवतात : फेसाळ वाइन, मग कोरडी पांढरी, मग लाल, शेवटी गोड. या खोऱ्यात सेमिलाँ आणि शार्डने या पांढऱ्या जाती नावाजलेल्या आहेत. दक्षिण आफ्रिकेची स्वतःची लाल जात म्हणजे पिनोटाज. १९२५ मध्ये अब्राहम पेरोल्ड यांनी पिनो न्वार आणि सिन्सो यांच्या संकरातून ती तयार केली.

७. हीच पद्धत नाशिकला लावली तर

नाशिक परिसरात वाइनरी पाहणे आणि टेस्टिंग आता सवयीचे झाले आहे. योगायोगाने दोन्हीकडे काढणीचा हंगामही जवळजवळ एकच, जानेवारी ते मार्च. कारणे मात्र वेगळी. केपमध्ये तेव्हा उन्हाळा असतो आणि वेलीची छाटणी वर्षातून एकदा, हिवाळ्यात होते. आपल्याकडे वेल हिवाळ्यात झोपत नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी करून पीक थंडीत घेतात.

नियोजनात महत्त्वाचा फरक कायद्याचा आहे. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार मर्यादा १०० मि.ली. रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. वरच्या उदाहरणातील ‘ब’ एकाच टेस्टिंगनंतर ती ओलांडते आणि ‘अ’ तिच्या अगदी जवळ जातो. म्हणून मुंबई-पुण्याहून गाडीने येणाऱ्या गटाने चालक सकाळी निघतानाच ठरवावा, वाइनरीच्या दारात नव्हे.

सारांश

• या सहलीत निर्णायक मर्यादा वेळेची नसून रक्तातील अल्कोहोलची आहे.
• पाच लहान नमुने म्हणजे सुमारे १२.८ ग्रॅम अल्कोहोल. परिणाम वजन आणि लिंगानुसार बदलतो.
• सुरक्षित क्रम : रपेट, पाणी, जेवण, टेस्टिंग, न चाखलेल्या चालकासह परत.
• टेस्टिंगनंतर घोड्यावर बसणे अटळ असेल तर वाइन थुंकावी.

स्वाध्याय

१. ६० किलो वजनाच्या स्त्रीने १४ टक्के अल्कोहोलच्या वाइनचे ३० मि.ली.चे चार नमुने पूर्ण प्यायले. रक्तातील प्रमाण काढा. ते ३० मिलिग्रॅमच्या खाली यायला अंदाजे किती वेळ लागेल?
२. ४०० किलोच्या घोड्यावर, १० किलोचे खोगीर धरून, किती वजनाचा स्वार बसू शकेल?
३. आराखडा १ मध्ये दोन वाइनरींमधील अंतर दोन तासांनी वाढवले तर ‘ब’च्या प्रमाणात काय फरक पडेल? तेवढ्याने आराखडा सुरक्षित होतो का? कारण द्या.
४. सहा जणांच्या गटात दोघे वाइन घेत नाहीत आणि एकाला घोड्याची भीती वाटते. सर्वांना दिवस आवडेल असा आराखडा तयार करा.