देशाआधी जन्मलेला संघ

1958 चा एप्रिल. स्वीडनमधल्या फुटबॉल वर्ल्ड कपला जेमतेम दोन महिने उरलेले, आणि फ्रान्सच्या क्लबांतले नावाजलेले अल्जेरियन खेळाडू एकाएकी दिसेनासे झाले. मोनॅकोचा बचावपटू मुस्तफा झितूनी फ्रान्सच्या संघात जवळपास पक्का होता. सेंट-एतियेनचा रशीद मेखलूफी अवघा एकवीस वर्षांचा, पण संभाव्य यादीत त्याचंही नाव होतं.

अल्जेरियन असून ते फ्रान्सकडून खेळू शकत, कारण कागदोपत्री अल्जेरिया हा फ्रान्सचाच भाग होता. तिथे 1954 पासून स्वातंत्र्ययुद्ध पेटलेलं, पण फ्रेंच सरकार त्याला युद्ध म्हणायलाही तयार नव्हतं. लढणाऱ्या नॅशनल लिबरेशन फ्रंटने एक गोष्ट अचूक हेरली: दूर डोंगरातल्या चकमकीची बातमी फ्रान्समधला माणूस वाचून विसरतो, पण दर रविवारी मैदानावर दिसणारा आपला लाडका खेळाडू गायब झाला, तर तो का गेला हे त्याला विचारावंच लागेल. मोहम्मद बूमेझराग या माजी खेळाडूने गुपचूप एकेकाला गाठून ही योजना तडीस नेली.

मेखलूफीची गोष्ट वाचताना आजही छाती धडधडते. सामन्यात डोक्याला मार लागल्याने तो इस्पितळात होता. याच योजनेतले खेळाडू अब्देलहमीद केर्माली आणि मोख्तार अर्रीबी यांनी त्याला तिथूनच उचललं आणि गाडी स्वित्झर्लंडच्या दिशेने सुटली. मेखलूफी त्या वेळी फ्रेंच सैन्यात सक्तीची नोकरी करत होता. म्हणजे पकडला गेला असता तर फरार सैनिक ठरला असता! पळापळीची बातमी सीमेवर पोहोचायच्या आत तिघे पार झाले. तिघेही अल्जेरियातल्या सेतीफचे. 8 मे 1945 ला, युरोपातलं युद्ध संपल्याचा जल्लोष चालू असताना, याच गावात स्वातंत्र्य मागणाऱ्या मोर्चावर गोळीबार झाला आणि नंतरच्या दडपशाहीत हजारो माणसं मारली गेली. तेव्हा मेखलूफी आठ वर्षांचा होता. इतका पैसा आणि नाव सोडून तो का गेला, हे मला वेगळं समजावून घ्यावं लागलं नाही.

सगळेच सुटले नाहीत. काहींना वाटेतच अटक झाली. उरलेले इटलीमार्गे ट्यूनिसला जमले आणि हिरव्या-पांढऱ्या पोशाखातला अल्जेरियाचा संघ उभा राहिला. देश जन्मायला अजून चार वर्षं होती! फिफाने या संघाला मान्यता नाकारली आणि त्याच्याशी खेळणाऱ्यांना कारवाईची धमकी दिली. तरीही उत्तर आफ्रिका, अरब देश, पूर्व युरोप, चीन, उत्तर व्हिएतनाम असं फिरत ते खेळत राहिले. 1961 मध्ये बेलग्रेडला त्यांनी युगोस्लाव्हियाच्या संघाला 6-1 असं धुऊन काढलं. अस्तित्वातच नसलेल्या देशाचा झेंडा परक्या मैदानांवर चढत होता, त्याचं राष्ट्रगीत वाजत होतं. हे सगळं चालू असताना खेळाडूंची उमेदीची वर्षं मात्र सरत होती. त्या वर्षांची किंमत कशात मोजायची?

1962 च्या जुलैमध्ये अल्जेरिया स्वतंत्र झाला. मेखलूफी सेंट-एतियेनला परतला. 1968 च्या फ्रेंच कपच्या अंतिम सामन्यात क्लबचे दोन्ही गोल त्याचेच, आणि चषक फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या हातून त्याच्याकडे आला.

नव्या देशाला या पळून गेलेल्यांनी पुढे प्रशिक्षणही दिलं. 1982 च्या वर्ल्ड कपमध्ये अल्जेरियाने पश्चिम जर्मनीला 2-1 हरवून जग हादरवलं, तेव्हा मेखलूफी प्रशिक्षकांपैकी एक होता. नंतर, अल्जेरियाचे गटातले सामने संपलेले असताना, जर्मनी आणि ऑस्ट्रियाने आपापसांत 1-0 चा सोयीचा निकाल लावून अल्जेरियाला बाहेर काढलं. तेव्हापासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी खेळवले जातात.

1990 मध्ये अल्जेरियाने आफ्रिकेचा चषक प्रथमच जिंकला, तोही घरच्या मैदानावर, नायजेरियाला 1-0 ने हरवून. प्रशिक्षक होते केर्माली. तो एकमेव गोल शेरीफ उजानीचा, आणि त्याचे वडील अहमद उजानी त्याच बिनदेशाच्या संघातून खेळले होते.