हिंगोली ते अल्माटी, व्हाया बर्फाचा गोळा

पहिल्यांदाच परदेशात स्नोबोर्डिंगला जायचंय? दिवसा डोंगर, रात्री शहर, असा डबल धमाका हवाय? मग रील बघणं थोडं थांबवा आणि आधी हे वाचा.

हिंगोलीत बर्फ दोन ठिकाणी मिळतो. एक रसवंतीवर आणि दुसरा गोळेवाल्याच्या गाडीवर. तिसरा बर्फ आभाळातून येतो, पण त्याला आमच्याकडे कुणी बर्फ म्हणत नाही, गारपीट म्हणतात. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात झालेली गारपीट ज्यांनी पाहिली, ते पांढऱ्याफटक जमिनीकडे बघून 'वॉव' वगैरे म्हणत नाहीत. त्यामुळे 'आप्पा, मी बर्फात घसरायला परदेशात चाललेय' हे एवढंसं वाक्य घरी बोलायला मला तीन आठवडे लागले. विमानाचं तिकीट त्याच्या आधीच काढून झालं होतं!

आम्ही चौघं हिंगोलीचे, एकाच शाळेतले. आता तिघं पुण्यात आयटी आणि बँकेत, आणि मी फ्रीलान्स, म्हणजे आईच्या भाषेत 'सध्या घरूनच काहीतरी करते'. प्लॅन शिजला तो रामलीला मैदानावर, दसऱ्याच्या प्रदर्शनात, आकाशपाळण्याच्या रांगेत. एकाने फोनवर स्नोबोर्डिंगचा व्हिडिओ दाखवला. दुसरी म्हणाली, आपण कधी करणार असलं काही? तिसरा म्हणाला, फेब्रुवारीत. झालं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तयार. आता असे ग्रुप वर्षाला दहा बनतात आणि नऊ मरतात हे तुम्हालाही माहीत आहे. आमचा वाचला, कारण पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाने दहा-दहा हजार एका खात्यात टाकले. पैसे अडकले की माणूस मागे हटत नाही.

एक फळी, दोन पाय

ज्यांचा फंडा क्लिअर नाही त्यांच्यासाठी: स्कीइंगमध्ये पायाला दोन पट्ट्या आणि हातात दोन काठ्या असतात. स्नोबोर्डिंगमध्ये एकच फळी. दोन्ही पाय तिला बांधलेले, हात मोकळे, आणि तुम्ही आडवे उभे. 1965 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थांनी मुलींना खेळायला म्हणून दोन स्की एकमेकींना जोडल्या, तिथून ही भानगड सुरू झाली. 1998 मध्ये नागानोला ती थेट ऑलिम्पिकमध्ये पोहोचली.

स्की शिकायला सोपं, पारंगत व्हायला अवघड. बोर्डचं नेमकं उलटं, असं सगळे सांगतात. आमच्यापुरतं त्यातलं 'सुरुवात अवघड' एवढं शंभर टक्के खरं निघालं. पहिले दोन दिवस तुम्ही फक्त पडता. म्हणून पहिली गोष्ट लिहून ठेवा: दोन दिवसांची स्नोबोर्डिंग ट्रिप करू नका. तिसऱ्या दिवशी मजा सुरू होते आणि त्याच दिवशी तुमचं परतीचं विमान असतं! बर्फावर किमान चार दिवस पाहिजेत.

जायचं कुठे?

आमच्या यादीत चार नावं होती. जपानचं होक्काइदो सगळ्यांचं स्वप्न. तिथला भुसभुशीत बर्फ जगात नावाजलेला. निसेको आहेच, पण 1972 च्या हिवाळी ऑलिम्पिकमधल्या स्पर्धा झालेलं तैने तर साप्पोरो शहराच्या हद्दीतच आहे, आणि रात्रीसाठी सुसुकिनोचा झगमगाट. खर्चाचा आकडा पाहिला आणि 'पुढच्या अ‍ॅप्रेझलनंतर' म्हणून बाजूला ठेवलं. ऑस्ट्रियातलं इन्सब्रुक म्हणजे शहरातूनच केबलकारने डोंगरावर. पण नॉर्डकेटेचे वरचे उतार भलतेच तीव्र, नवख्यांचं काम नव्हे. शिवाय शेंगेन व्हिसा, त्याचे 90 युरो आणि अपॉइंटमेंटसाठी टेकवलेलं डोकं.

तिसरं जॉर्जियातलं गुडौरी. स्वस्त, रुंद आणि मोकळे उतार, तिबिलिसीपासून सुमारे 120 किलोमीटर. तिबिलिसीची नाइटलाइफ तर सॉलिड. फुटबॉल स्टेडियमखालच्या जुन्या जलतरण तलावात भरणारा बासियानी क्लब टेक्नोवाल्यांची पंढरी आहे. (दारावर तुमचा चेहरा बघून आत सोडायचं की नाही ते ठरवतात. मनाची तयारी ठेवा.) भारतीयांना व्हिसा लागतो, आणि 2026 पासून प्रवास विमाही सक्तीचा झालाय. पण जोराचा बर्फ पडला की गुडौरीचा घाटरस्ता बंद होतो. आणि एक गोष्ट आम्हाला विसरता येईना. डिसेंबर 2024 मध्ये गुडौरीतल्या एका भारतीय रेस्टॉरंटच्या इमारतीत बारा कर्मचारी झोपेतच गेले. वीज गेल्यावर बंदिस्त जागेत लावलेल्या जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड. त्यातले बहुतेक भारतीय, पोटासाठी तिथे गेलेले. यासाठी गुडौरीला जाऊ नका असं मी म्हणत नाही. पण बर्फातल्या कुठल्याही गावात स्वस्त खोली घेताना हीटर कशावर चालतो आणि धूर कुठे जातो हे विचारा. आम्ही अडीचशे रुपयांना वाटेल तसलं नव्हे, तर बऱ्यापैकी किमतीचं कार्बन मोनॉक्साइड अलार्म यंत्र सोबत नेलं. बॅगेत त्याचं वजन एखाद्या पॉवर बँकेएवढं.

शेवटी जिंकलं कझाकस्तानचं अल्माटी. 2022 पासून भारतीयांना चौदा दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. दिल्लीहून आम्हाला थेट विमान मिळालं, जेमतेम चार तास. आणि गंमत बघा, 2024 मध्ये त्यांनी देशभर एकच वेळ केली तेव्हापासून अल्माटीचं घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे. जेटलॅग नाही, आणि 'तिथं आता रात्र असंल ना गं?' असे फोनही नाहीत. शहरातून 12 नंबरची बस मेदेऊला जाते, तिथे उंचावरची प्रसिद्ध स्केटिंग रिंक आहे. तिथून साडेचार किलोमीटरच्या गोंडोलाने शिम्बुलाक. पायथा 2,260 मीटरवर, माथा 3,200 मीटरवर. म्हणजे शहरात राहा, सकाळी डोंगरावर जा, संध्याकाळी परत. आम्हाला हेच तर हवं होतं!

'मग गुलमर्ग काय वाईट?' असं विचारणाऱ्यांना माझा पूर्ण पाठिंबा. तिथे सरकारी संस्थेत कोर्सही होतात. पण रात्री कराओके नाही ना!

आप्पांचा प्रश्न

आता मुख्य अडचण. फेब्रुवारी हा बर्फाचा ऐन सीझन आणि आमच्या घरी हळदीचाही. आमचं शेत वसमतकडे. 2024 मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण हळद अजूनही आपणहून जमिनीतून बाहेर येत नाही. काढा, शिजवा, उन्हात वाळवा, पॉलिश करा. दरवर्षी मी त्या दिवसांत घरी जाते. लॅपटॉप घेऊन का होईना, जाते.

शेवटी फोन केला. मला वाटलं, पैशांवरून बोलतील. आप्पा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "जायलीस तर जा. पण तिथं पडलीस तर उचलणार कोण?"

चार महिन्यांच्या प्लॅनिंगमध्ये, शंभर व्हिडिओ बघूनही, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नव्हता. ग्रुपवर टाकला. आमच्यातली एक विमा कंपनीच्या क्लेम्स विभागात आहे. तिने आम्ही ऑनलाइन तीन मिनिटांत काढलेली पॉलिसी उघडून अगदी बारीक अक्षरांतलं पान वाचलं. हिवाळी क्रीडा प्रकार: वगळलेले. म्हणजे हॉटेलच्या जिन्यावरून पडलो तर पैसे मिळणार, बोर्डवरून पडलो तर नाही. ती पॉलिसी रद्द केली आणि स्नोबोर्डिंगचा नाव घेऊन उल्लेख असलेलं, डोंगरावरून खाली आणण्याचा खर्च देणारं कव्हर घेतलं. थोडं महाग पडलं. त्यातही आखलेल्या उतारांबाहेर गेलात तर बहुधा काहीच मिळत नाही, तेही विचारून घ्या. तारखाही मग आप्पांनीच ठरवून दिल्या: काढणी-शिजवणी उरकून हळद वाळत पडेल तो आठवडा. तेव्हा माणसांना काम कमी असतं. तोपर्यंत घरी थांबले, पोती उचलली. बॉसकडून लीव्ह मंजूर करून घेणं याच्यापुढे पोरखेळ म्हणायचं.

तयारी आणि धडपड

सहा आठवडे आधी पाय तयार करायला लागा. जिम नसेल तर पर्वतीच्या पायऱ्या आहेत. मोजे घालून गुळगुळीत शहाबादी फरशीवर घसरा, आपोआप कुठला पाय पुढे जातो बघा. डावा गेला तर तुम्ही 'रेग्युलर', उजवा गेला तर 'गूफी'. बोर्ड भाड्याने देणारा पहिला प्रश्न हाच विचारतो.

बोर्ड, बूट, हेल्मेट, जॅकेट, पँट हे सगळं तिथे भाड्याने मिळतं. विकत घ्यायचं ते अंगाला चिकटणारं: थर्मल, लोकरी मोजे, वॉटरप्रूफ हातमोजे, गॉगल. आणि मनगटाचे गार्ड नक्की. नवखे बोर्डवाले पडताना हात टेकवतात आणि मनगट मोडून घेतात. मुठी आवळा आणि कोपरापासूनच्या हातावर पडा. सुती कपडे आणि जीन्स घरी ठेवा, भिजल्या की वाळत नाहीत. आमच्यातला एक हुशार जीन्सवर उतरला होता. दुपारपर्यंत त्याची पँट पत्र्यासारखी कडक झाली.

इन्स्ट्रक्टर घ्याच. पैसे वाचवायचे तर बाकी कुठेही वाचवा. आमच्या बाईंना इंग्रजीतले दहाच शब्द येत होते, त्यातले सात 'नी', म्हणजे गुडघा. गुडघे वाकवा! पहिल्या दिवशी टाचेच्या कडेवर उभं राहून आडवं घसरायचं, दुसऱ्या दिवशी पिकलं पान झाडावरून डावीकडे-उजवीकडे हेलकावत पडतं तसं उतरायचं. चुकीची कड बर्फात रुतली की माणूस क्षणात आपटतो. मी पहिल्या दिवशी एकतीस वेळा पडले. बत्तिसाव्यांदा मोजायचं सोडून दिलं. आपल्याला डुगडुगताना बघून बाजूने पाच-सहा वर्षांची पोरं सुसाट जातात, तेव्हा मान खाली घालायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी पहिल्यांदा दोन्ही बाजूंना सलग वळले. चारच वळणं, पण आपली! खाली पोहोचून फोन बघितला तर चुलतभावाचे तीन मिस्ड कॉल. वसमतला आभाळ भरून आलंय, अख्खं खळं हळदीने भरलंय, ताडपत्र्या कमी पडतायत. माझ्याभोवतीही बर्फ भुरभुरायला लागला होता. बाकीचे तिघं फोटो काढत होते आणि मी बाकावर बसून शेजाऱ्यांना ताडपत्रीसाठी फोन लावत होते. दीड तासाने मेसेज आला: चार थेंब पडले, झाकलं सगळं. मग परत बोर्ड बांधला. त्या दिवशी वळणं काही जमली नाहीत.

आणि नाइटलाइफ?

खरं सांगू? पहिल्या दोन रात्री आम्ही नऊला झोपलो. अंग असं ठणकत होतं की क्लबच्या पायऱ्याही चढवल्या नसत्या. म्हणून रात्रीचे बेत शेवटच्या दोन दिवसांवर ठेवा, आणि मधल्या एका संध्याकाळी अल्माटीचं अरासान गाठा. 1982 मध्ये बांधलेलं हे सार्वजनिक स्नानगृह म्हणजे रशियन, फिनिश, तुर्की अशा सगळ्या तऱ्हांचा वाफारा. बाहेर पडताना आपण नवीन माणूस असतो.

अल्माटीकरांना कराओकेचं भयंकर वेड. आम्ही एका खोलीत तीन तास मराठी-हिंदी गाणी ओरडलो आणि शेजारच्या खोलीतली मंडळी नाचायला आली. पब भरपूर, पोरी बिनधास्त रात्री फिरतात. आम्हीही टॅक्सी मात्र ॲपनेच घेतली. रात्री प्यायलात तर दुसऱ्या दिवशी 3,200 मीटरवर डोकं फुटतं, हा अनुभव आमच्यातल्या एकाने सर्वांच्या वतीने घेतला. खाण्यात घोड्याचं मांस सर्रास असतं, शाकाहारींनी ऑर्डर देण्यापूर्वी विचारावं. भोपळ्याचा सामसा शोधा, आपल्या समोशाचा चुलतभाऊ. आम्ही दशम्या आणि ठेचा नेला होता. इन्स्ट्रक्टर बाईंनी ठेचा चाखला आणि त्यांना इंग्रजीचा अकरावा शब्द आठवला: 'वॉटर!' एक गोष्ट ब्रोशरमध्ये दिसत नाही. हिवाळ्यात शहरावर धुराचा दाट थर असतो. गोंडोलातून वर जाताना तो खाली राहतो, स्वच्छ दिसतो. दमा असेल तर विचार करून जा.

खर्च? आमच्या वहीत माणशी 1 लाख 20 हजारांच्या आसपास आकडा निघाला. साधं हॉस्टेल, चार दिवस लिफ्ट पास, भाड्याचं सामान, तीन दिवस इन्स्ट्रक्टर धरून. तुमचा आकडा डॉलर, टेंगे आणि तुमच्या कराओकेच्या तासांवर.

परतल्यावर थेट गावी गेले. हळद वाळून पॉलिशला निघाली होती. आप्पांना व्हिडिओ दाखवला, चार वळणांचाच, पडलेले सगळे कापून. त्यांनी तो दोनदा बघितला, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "या फळीचं दिवसाचं भाडं किती?"

सांगितलं. ते बराच वेळ हिशोब करत बसले, आणि मग आईला हाक मारली, "अगं, हिला दूध दे हळद टाकून. पाय बघ कसा टाकायली."