सोल संगीताच्या सिंगल तबकड्या आणि संग्राहकांचे ज्ञान : एक साधनचिकित्सा

संगीताच्या इतिहासाची साधने म्हणजे ग्रंथ, हस्तलिखिते आणि गुरुपरंपरेने चालत आलेली माहिती, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. विसाव्या शतकातील संगीताच्या बाबतीत या साधनांत ध्वनिमुद्रिकेची भर घालावी लागते. आणि ध्वनिमुद्रिका म्हटली की तिच्या मागोमाग तिचा संग्राहक येतोच. जी तबकडी कंपनीने मोडीत काढली, ग्रंथालयाने घेतली नाही आणि वृत्तपत्राने उल्लेखिली नाही, ती पुष्कळदा एखाद्या हौशी माणसाच्या कपाटातच शिल्लक राहिलेली असते. तिच्याविषयीची माहितीही अशा माणसांच्या आपसांतील चर्चेतच जतन झालेली असते. या माहितीवर अभ्यासकाने कितपत विसंबावे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी अमेरिकेतील सोल संगीताच्या सिंगल तबकड्या आणि इंग्लंडच्या उत्तर भागातील त्यांचे संग्राहक, हे उदाहरण घेतले आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे : वस्तूविषयी संग्राहक जे सांगतो ते बहुधा ग्राह्य धरावे, मोलाविषयी सांगतो ते तपासून घ्यावे, आणि ज्या माणसांनी ती वस्तू घडविली त्यांच्याविषयी तो मौन पाळतो तेव्हा त्या मौनाचीही नोंद घ्यावी.

१. सोल संगीत आणि सिंगल तबकडी

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील भक्तिगायन आणि त्यांचे लौकिक ‘रिदम अँड ब्लूज’ संगीत यांच्या संगमातून सोल संगीत जन्मास आले. रे चार्ल्स यांची १९५४ मधील ‘आय गॉट अ वूमन’ ही तबकडी आणि १९५७ च्या सुमारास सॅम कुक यांनी भक्तिगायन सोडून लौकिक गीतांकडे वळणे, या दोन घटना त्या संगमाच्या खुणा म्हणून सांगण्यात येतात. १९५९ मध्ये बेरी गॉर्डी यांनी डेट्रॉइट येथे टॅम्ला ही कंपनी काढली. तिच्यातूनच पुढे मोटाउन नावाने विख्यात झालेला व्यवसाय उभा राहिला. मेम्फिस, शिकागो, फिलाडेल्फिया, लॉस एंजेलिस या शहरांतूनही लहानमोठ्या कंपन्या निघाल्या. १९६९ मध्ये ‘बिलबोर्ड’ या व्यापारी साप्ताहिकाने आपल्या रिदम अँड ब्लूज यादीला ‘सोल’ हे नाव दिले, तोवर या संगीताचा पहिला बहर होऊन गेला होता.

या संगीताचे मुख्य वाहन होते सिंगल, म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घेणारी ७ इंच व्यासाची तबकडी. तिच्या प्रत्येक बाजूस एक गीत, साधारणतः अडीच-तीन मिनिटांचे. कंपनी प्रथम काही प्रचार-प्रती काढून नभोवाणी केंद्रांकडे पाठवी. गीत वाजू लागले तर विक्रीसाठी प्रती निघत. न वाजले तर काही आठवड्यांतच तबकडीचे आयुष्य संपे. न खपलेला माल परत येई आणि तो एकगठ्ठा, मातीमोल भावाने विकला जाई. ज्याला आपण ‘१९६० च्या दशकातील सोल संगीत’ म्हणतो, त्याचा फार मोठा भाग अशा रीतीने बाजारातून नाहीसा झालेला आहे. हे अपयश म्हणजे श्रोत्यांचा निवाडा नव्हे, हे येथे ध्यानात घेणे अवश्य आहे. ज्या कंपनीजवळ वितरणाची यंत्रणा नव्हती, तिची तबकडी पुष्कळदा श्रोत्यांपर्यंत पोहोचलीच नाही.

२. उत्तर इंग्लंडमधील पुनर्जन्म

या टाकाऊ मालाला दुसरा जन्म मिळाला तो अटलांटिकच्या पलीकडे. मँचेस्टर येथील ‘ट्विस्टेड व्हील’ या क्लबात १९६० च्या दशकात कामगारवर्गातील तरुण रात्रभर या संगीतावर नाचत असत. १९७० च्या सुमारास अमेरिकेतील नवे कृष्णसंगीत संथ लयीच्या फंककडे झुकले. लंडनच्या रसिकांनी ते स्वीकारले. उत्तरेकडील नर्तकांना मात्र १९६५ च्या आसपासची द्रुत, ठसकेबाज लयच हवी होती. लंडनमधील आपल्या दुकानात येणाऱ्या उत्तरेकडील गिऱ्हाइकांची ही आवड ओळखून डेव्ह गोडिन यांनी तिला ‘नॉर्दर्न सोल’ हे नाव दिले. पुढे हे नाव ‘ब्लूज अँड सोल’ मासिकातून रूढ झाले. अर्थात्, ‘नॉर्दर्न’ हे विशेषण गायकांच्या प्रदेशाचे नसून श्रोत्यांच्या प्रदेशाचे आहे. एका संगीतप्रकाराला त्याच्या ऐकणारांवरून नाव पडावे, ही घटना विरळाच म्हटली पाहिजे.

जुन्या लयीची नवी निर्मिती थांबलेली होती. तेव्हा नर्तकांना ‘नवे’ देण्याचा एकच मार्ग उरला, तो म्हणजे पूर्वी कोणी न ऐकलेले जुने शोधून काढणे. डिस्क जॉकी आणि संग्राहक अमेरिकेतील गुदामे व जुन्या मालाची दुकाने धुंडाळू लागले. टनस्टॉलचे ‘गोल्डन टॉर्च’, ब्लॅकपूलचे ‘मेका’ आणि २३ सप्टेंबर १९७३ पासून १९८१ च्या डिसेंबरपर्यंत चाललेले ‘विगन कॅसिनो’ ही या शोधाची फळे ऐकविणारी प्रमुख ठिकाणे होत. टॅमी लिन यांचे १९६५ मध्ये मुद्रित झालेले ‘आय’म गोना रन अवे फ्रॉम यू’ हे गीत १९७१ मध्ये ब्रिटिश यादीत चौथ्या क्रमांकावर पोहोचले; आर. डीन टेलर यांचे १९६७ मधील ‘देअर्स अ घोस्ट इन माय हाउस’ १९७४ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेले. बाजाराने एकदा दिलेला निकाल अखेरचा नसतो, हे या दोन उदाहरणांवरून स्पष्ट व्हावे.

३. तबकडीची बाह्य चिकित्सा

संग्राहकांच्या चर्चेचा सर्वांत भरीव भाग तबकडीच्या बाह्यांगाविषयी असतो. लेबलावर गीताचे नाव, गायक, रचनाकार, प्रकाशक, बहुधा निर्माता आणि तबकडीचा क्रमांक एवढे सापडते. मुद्रणाची तारीख आणि वादकांची नावे बहुशः सापडत नाहीत. मोटाउनच्या शेकडो गीतांना साथ करणारा ‘फंक ब्रदर्स’ हा वादकसमूह मार्व्हिन गे यांच्या १९७१ मधील ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या संचापूर्वी मोटाउनच्या वेष्टनांवर नावानिशी आढळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी संग्राहक गीताच्या शेवटच्या खाचेपलीकडील गुळगुळीत कडे वाचतो. त्यावर मॅट्रिक्स क्रमांक आणि कारखान्याच्या खुणा कोरलेल्या किंवा ठशाने उमटविलेल्या असतात. उदाहरणार्थ, लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्याने आपल्या तबकड्यांवर एका लहान त्रिकोणासह चढते क्रमांक घातले आहेत; ते क्रमांक ज्ञात तारखांशी ताडून पाहिले असता तारीख नसलेल्या तबकडीचा काळ पुष्कळच नेमका ठरविता येतो. ठशाच्या जागी हाताने कोरलेली अक्षरे दिसली, की प्रत चोरटी असल्याचा संशय घ्यावयाचा, असे काही कारखान्यांच्या बाबतीत संग्राहकांना अनुभवाने ठाऊक असते.

हस्तलिखितांच्या अभ्यासकास ही पद्धत परकी वाटणार नाही. पोथीची पुष्पिका, कागद आणि लेखकूचे वळण यांवरून काळ व परंपरा निश्चित करण्याचा जो व्यवहार, त्याचेच हे निराळे रूप होय. आपल्याकडेही मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने जुन्या भारतीय तबकड्यांविषयी अशाच स्वरूपाची माहिती प्रसिद्ध केलेली आहे. या क्षेत्रात हौशी आणि विद्वान असा भेद करण्यात अर्थ नाही. ज्याने हजारो प्रती हाताळल्या, त्याचा डोळा हेच येथील प्रमाण.

४. दुर्मिळता आणि गुणवत्ता

मोलाचा प्रश्न आला म्हणजे मात्र सावध व्हावे लागते. फ्रँक विल्सन यांचे ‘डू आय लव्ह यू (इन्डीड आय डू)’ हे गीत १९६५ मध्ये मोटाउनच्या ‘सोल’ नावाच्याच लेबलसाठी मुद्रित झाले. त्याच्या प्रचार-प्रती निघाल्या. पण विल्सन यांनी गायनाऐवजी निर्मात्याचे काम पत्करले आणि तबकडी रद्द होऊन प्रती नष्ट करण्यात आल्या, असा वृत्तांत प्रचलित आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस हे गीत विगन कॅसिनोत वाजू लागले, ते ‘एडी फॉस्टर’ या नावाने. प्रतिस्पर्ध्यांना मूळ प्रत शोधता येऊ नये म्हणून लेबल झाकून खोटे नाव सांगण्याची ही रूढी होती. गंमत अशी, की एडी फॉस्टर नावाचा खराखुरा सोल गायकही होऊन गेला आहे. असे असता, केवळ त्या काळच्या श्रोत्यांच्या आठवणींवर विसंबून कोणी सूची केली, तर एका गायकाचे गीत दुसऱ्याच्या नावावर चढेल. संग्राहकांच्या समाजाने ज्ञान जतन केले हे जितके खरे, तितकेच स्पर्धेपोटी त्याने ते हेतुतः दडविले हेही खरे. साधनाचा उपयोग करणाराने या दोन्ही गोष्टी एकत्र ध्यानात ठेवल्या पाहिजेत.

मूळ तबकडीच्या दोनच प्रती दीर्घकाळ ज्ञात होत्या. त्यांतील एकीला २००९ मध्ये २५,७४२ पौंड किंमत आली. २०२० मध्ये मूळ प्रतीचा एक व्यवहार १,००,००० पौंडांना झाला. वस्तुतः हेच गीत ब्रिटनमध्ये टॅम्ला मोटाउनने १९७९ मध्ये रीतसर प्रसिद्ध केले होते आणि कोणासही ते नेहमीच्या किमतीत घेता येत होते. तेव्हा एक लक्ष पौंड ही गीताची किंमत नव्हे, ती दुर्मिळतेची किंमत होय.

डॅरेल बँक्स यांच्या ‘ओपन द डोअर टु युअर हार्ट’ या गीताचे उदाहरण याहूनही बोलके आहे. हे गीत अपयशी मुळीच नव्हते. १९६६ मध्ये अमेरिकेच्या रिदम अँड ब्लूज यादीत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले आणि त्याची अमेरिकन प्रत आजही सहज मिळते. ब्रिटनमध्ये मात्र लंडन या लेबलने ते काढले असता हक्क दुसऱ्या कंपनीकडे गेले आणि लंडनची आवृत्ती मागे घेण्यात आली. त्या आवृत्तीची एक प्रत २०१४ मध्ये १४,५४३ पौंडांना विकली गेली. गायक तोच, गीत तेच, आवाजही तोच. भेद केवळ लेबलाचा. संग्राहक जेव्हा ‘श्रेष्ठ’ म्हणतो, तेव्हा त्याला नृत्यास अनुकूल म्हणावयाचे आहे, की गायनदृष्ट्या उत्कृष्ट, की केवळ अप्राप्य, हे दर वेळी विचारून घ्यावे लागते, ते यामुळेच.

५. निर्मात्यांचे स्थान

आता प्रतिपादनाचा तिसरा भाग. वर दिलेल्या विक्रीच्या रकमांतून गायकास, वादकास किंवा रचनाकारास कायद्याने काहीही देय नसते. ब्रिटनमध्ये २००६ पासून चित्रकारास आपल्या चित्राच्या व्यावसायिक पुनर्विक्रीत अंश मिळू शकतो. तबकडीच्या गायकास असा हक्क नाही. ग्लोरिया जोन्स यांनी गायिलेले आणि १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘टेन्टेड लव्ह’ एका न चाललेल्या तबकडीच्या मागच्या बाजूस होते. उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी ते वर आणले आणि १९८१ मध्ये सॉफ्ट सेल या जोडीने पुन्हा गाऊन ते ब्रिटिश यादीत प्रथम क्रमांकावर नेले. या नव्या तबकडीचे रचनाशुल्क एड कॉब या रचनाकाराचे. जिच्या आवाजाने गीत जिवंत राहिले त्या गायिकेस त्यावर हक्क नाही. रचनाकाराचे नावसुद्धा लेबलावर नेहमी निर्विवाद असतेच असे नाही. बँक्स यांच्या उपर्युक्त गीतावर डॉनी एल्बर्ट यांनी आपला हक्क सांगितला होता. स्वतः बँक्स १९७० मध्ये डेट्रॉइट येथे गोळी लागून मरण पावले. आपल्या तबकडीची कीर्ती पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

संग्राहकांच्या चर्चेत मॅट्रिक्स क्रमांकाविषयी पाने भरतात आणि माणसांविषयी ओळी भरतात, ही तक्रार सर्वस्वी न्याय्य ठरणार नाही. १९८२ मध्ये सुरू झालेल्या केंट या लेबलने जुन्या गीतांचे संच रीतसर परवाने घेऊन प्रसिद्ध केले आणि मूळ फिती व कलावंत यांचा शोध घेऊन माहितीपूर्ण टिपणे जोडली. हे काम करणारे लोक याच रसिकवर्तुळातून आलेले होते. अनेक विस्मृत गायकांना उतारवयात इंग्लंडमध्ये येऊन भरल्या सभागृहापुढे गाता आले, तेही या वर्तुळामुळेच. तथापि या चौकशीस आरंभ होईपर्यंत पुष्कळ साक्षीदार काळाच्या पडद्याआड गेले होते. वस्तू टिकते आणि माणूस टिकत नाही. म्हणून चौकशीचा क्रम वस्तूपासून माणसाकडे न जाता माणसापासून वस्तूकडे यावा, हे या इतिहासाचे तात्पर्य होय.

मराठी नाट्यपदांच्या, लावणीच्या किंवा कोकणी गीतांच्या जुन्या तबकड्यांवर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास याचा उपयोग उघड आहे. त्याने संग्राहकाच्या दारी अवश्य जावे, तबकडीवरील प्रत्येक खूण त्याच्याकडून शिकून घ्यावी आणि किमतीच्या कथा टिपताना त्यांना गुणवत्तेचा पुरावा समजू नये. आणि त्या तबकडीवर साथ करणारा एखादा तबलजी अथवा पेटीवाला हयात असेल, तर त्याची भेट सर्वांत आधी घ्यावी.