कव्हरनेच खुनी पकडून दिला तर?

ज्यांना पूर्ण एपिसोड ऐकायला वेळ नाही किंवा ज्यांचा आजचा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिहिलेला भाग. आजचा विषय: स्वतःच्या खर्चाने छापलेल्या डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांची कव्हरं एवढी वाईट का दिसतात? आणि सुरुवातीलाच कबुली देतो. त्यातलं एक कव्हर माझ्या हातचं आहे.

माझे मामा पुसदचे. शाळेतून रिटायर झाले आणि त्यांनी एक रहस्यकथा लिहिली, ‘शिवारातलं प्रेत’. कपाशीच्या शेतात एक माणूस मरून पडलेला सापडतो. फवारणी करताना विष अंगात गेलं असणार, असं सगळं गाव धरून चालतं. यवतमाळ जिल्ह्यात हे कोणालाही पटेल. २०१७ च्या फवारणी हंगामात आपल्याकडे वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने गेले, ते आपण विसरलेलो नाही. मामांनी नेमका हाच धागा पकडला. जिथे असं मरण नेहमीचं झालंय, तिथे खून लपवणं किती सोपं! हा खून आहे, हे वाचकाला अर्ध्या पुस्तकानंतर कळतं. खुनी ओळखू येतो तो शेवटी, एका अंगठीवरून.

मामा म्हणाले, “भाचा इंजिनिअर आहे, तोच करन कव्हर.” मी केलं. पाठीवरचा फवारणी पंप, कवटी, रक्ताचे ओघळ, पौर्णिमेचा चंद्र, एक पिस्तूल (कथेत पिस्तूल नाहीच), आणि पंपाच्या नळीवर अंगठी घातलेला हात. मामांना व्हॉट्सॲपवर पाठवलं. त्यांच्या फोनवर ती अंगठी दिसलीच नाही. “बेस झालं,” म्हणाले. ३०० प्रती छापून घरी आल्या, तेव्हा दिसली.

“काऊन रे भाचा, तू त कव्हरवरच खुनी पकडून देल्ला ना बाप्पा!”

हसले ते. पण दोनशेच्या वर प्रती अजून त्यांच्या दिवाणाखाली आहेत, आणि त्यांनी दुसरं पुस्तक सुरू केलेलं नाही. म्हणून हा एपिसोड.

पहिली चूक: सगळं सांगून टाकणं

आपलं पुस्तक कोणी पाहणारच नाही, ही नवीन लेखकाची भीती असते. मग कव्हरवर पिस्तूल पण हवं, रक्त पण हवं, पाठमोरी बाई पण हवी. रहस्यकथेचं कव्हर मात्र एकच प्रश्न विचारतं आणि गप्प बसतं. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय ही नावं तुमच्या आजोबांना विचारा, डोळे चमकतील. त्या पुस्तकांची कव्हरं रघुवीर मुळगावकरांसारख्या चित्रकाराने रंगवली होती. म्हणजे स्वस्तातलं पुस्तक असलं तरी त्याच्या तोंडावर एका कसलेल्या माणसाचा हात फिरलेला असायचा. आज लेखक, प्रूफ तपासणारा, डिझायनर आणि विक्रेता, सगळं एकच माणूस असतो. वाईट कव्हरमागे बहुतेक वेळा आळस नसतो, एकटेपणा असतो.

दुसरी चूक: मोठ्या स्क्रीनवर बनवणं

मी कव्हर २४ इंची मॉनिटरवर बनवलं. वाचक ते फोनवर बघतो, पोस्टाच्या तिकिटाएवढं. किंडलवर ई-बुक टाकायचं तर कव्हर २५६० बाय १६०० पिक्सेलचं ठेवा, असं ॲमेझॉन सांगतं. पण यादीत ते अंगठ्याच्या नखापेक्षा थोडंसंच मोठं दिसतं. म्हणून कव्हर झालं की फोनवर बारीक करून हातभर लांब धरा. नाव वाचता येतंय? एक तरी आकार ओळखू येतोय? नसेल तर वस्तू कमी करा आणि अक्षरं मोठी करा. मग एकदा उलट पण करा: खऱ्या आकारात प्रिंट काढून कोपरा न् कोपरा तपासा. माझी अंगठी तिथेच सापडली असती.

तिसरी चूक: मोडकी अक्षरं

हा माझ्या धंद्यातला विषय, म्हणून जरा खोलात जातो. ‘शि’ टाइप करताना कॉम्प्युटर आधी ‘श’ साठवतो आणि नंतर वेलांटी. दाखवताना मात्र वेलांटी श च्या आधी आणावी लागते. जोडाक्षरांचंही तेच: प, हलन्त आणि र यांचा मिळून ‘प्र’ बनवावा लागतो. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये हे काम हार्फबझ नावाचा प्रोग्राम गुपचूप करतो. फोटोशॉपच्या जुन्या व्हर्जनमध्ये टाइप सेटिंगमध्ये भारतीय भाषांचं टेक्स्ट इंजिन निवडलेलं नसेल तर हे होत नाही. मग ‘शिवारातलं प्रेत’ चं ‘शविारातलं प्‌रेत’ होतं. अशी कव्हरं तुम्ही नक्की पाहिली असतील. लेखकाने वर्षभर झिजून लिहिलेलं असतं, आणि वाचक नावातच अडखळतो.

दुसरी भानगड जुन्या फॉन्टची. कृतीदेवसारख्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर खरं तर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असतं. प्रेसच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की नावाचा पार चिवडा. म्हणून युनिकोड फॉन्ट वापरा. एक टाइपचे मुक्ता, बालू, मोदक हे फॉन्ट फुकट आहेत आणि छपाईलाही चालतात. ‘टिरो देवनागरी मराठी’ मध्ये ल आणि श आपल्या मराठी वळणाचे मिळतात. हिंदी वळणाचे ल-श आले की पुस्तक अनुवादित वाटतं. प्रेसला फाइल देताना फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ द्या.

चौथी चूक: फोटो आणि रंग

साडेपाच बाय साडेआठ इंचाच्या कव्हरला ३०० डीपीआयने साधारण १६५० बाय २५५० पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की तो दाबून लहान करतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवते, कागदावर शाई असते. त्यामुळे स्क्रीनवरची गडद निळी रात्र छापल्यावर काळा चिखल होते. ३०० प्रतींच्या आधी एकच प्रत काढून बघा. आणि गुगलवरून कोणाचाही चेहरा उचलू नका. तो फोटो कोणाचा तरी असतो. त्यापेक्षा आपल्याच शिवारातला फोटो स्वतः काढा.

मी आता तेच केलंय. ई-बुकसाठी नवीन कव्हर: सकाळचं कपाशीचं शेत, धुऱ्यावर उभा ठेवलेला एक पंप, जवळ कोणीच नाही. वर मोठ्या अक्षरांत नाव. बस.

मामांना फोनवर पाठवलं. बराच वेळ उत्तर नाही. मग एक व्हॉइस नोट आली: “याचा मालक कुठं गेला रे?”

म्हणजे कव्हरने प्रश्न विचारला. आता उत्तरासाठी पुस्तक उघडावं लागेल. तुमच्या घरात कोणाच्या दिवाणाखाली असा गठ्ठा असेल, तर आधी ती गोष्ट वाचा. मग कव्हर बदलायला मदत करा. भेटू पुढच्या भागात!