ओढ्यातला ट्राउट आणि माझी माशी

मी मूळची सांगलीची, नोकरी चंदीगडला. कृष्णेवर मामाबरोबर गळ टाकलेला, त्यामुळे मासेमारी आपल्याला येते अशी माझी समजूत होती. कुलू जिल्ह्यातल्या तीर्थन नदीच्या एका ओढ्यावर ती पहिल्या तासात संपली.

हा ब्राउन ट्राउट इथला नव्हे. 1909 च्या सुमारास हॉवेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तो कुलूत आणला. गार, वाहतं पाणी मिळालं आणि रुजला. धरायला मत्स्य विभागाचा परवाना लागतो, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदी असते, कारण तो विणीचा काळ.

आता मुख्य गोष्ट. आपल्या गळाला शिशाचं वजन असतं, ते दोरीला ओढून नेतं. इथे उलट. माशी म्हणजे पिसं गुंडाळलेला गळ, तिला वजनच नाही. वजन जाड दोरीत असतं. काठी मागे नेली की थांबायचं, दोरी मागे पूर्ण उलगडू द्यायची, मगच पुढे. मी थांबत नव्हते! माझी माशी दिवसभर देवदारावर.

ओढ्यात लांब फेकायची गरजही नसते. सात फुटी काठी पुरते. ट्राउट तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो, म्हणून खालच्या अंगाने, वाकून जायचं. आधी पाण्यातला एखादा दगड उलटून बघा, खाली किड्यांच्या अळ्या चिकटलेल्या दिसतील. माशी तशीच निवडायची. ती पाण्याच्या वेगानेच वाहिली पाहिजे. दोरीने जरा ओढली तरी मासा ओळखतो.

तिसऱ्या दिवशी एक लागला. वीतभर, अंगावर लाल ठिपके. आनंदाच्या भरात कोरड्या हातांनी धरला, फोटो काढत बसले. एक नीट येईना म्हणून दुसरा, तिसरा. पाण्यात सोडला तर पोट वर करून वाहत गेला. मागे धावले, पण उपयोग झाला नाही.

आता फोन पिशवीतच राहतो. गळाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाकते. हात ओले करायचे, मासा पाण्यातच ठेवून गळ सोडवायचा आणि त्याचं तोंड प्रवाहाकडे धरून थांबायचं. शेपटीचा फटका मारून तो स्वतः निघाला, की हात सोडायचा.