खंडेनवमीच्या आदल्या दिवशी

सकाळी सहा. खंडेनवमी उद्यावर आली की आमच्या पडवीत हत्यारं जमायला लागतात. रत्नागिरीजवळची आमची वाडी. चार महिने पाऊस आणि बाराही महिने खारा वारा. हवेतलं मीठ ओल धरून ठेवतं आणि ओल राहिली की लोखंड गंजणारच. जूनमध्ये पेटीत ठेवलेला रंधा अश्विनात बाहेर काढावा तर तांबडालाल. पूजेला मांडायचं हत्यार दुसऱ्या दिवसापासून कामालाही लागलं पाहिजे, म्हणून आजचा अख्खा दिवस याच कामाचा.

उजाडल्यावर आधी निवड. नखानं खरवडून हाताला लागणारी तांबडी भुकटी हा वरवरचा गंज, त्याची चिंता नाही. काळा कडक पापुद्रा दिसला की त्याखाली खड्डे असणार असं धरून चालायचं. पटाशीच्या किंवा रंध्याच्या पात्याची सपाट पाठ मी उजेडात तिरकी धरून बघतो. धार म्हणजे दोन पृष्ठभाग मिळतात ती रेघ. त्यातल्या एकावर खड्डा पडला की धारेला तिथे खांडा येतो. पाठीवर वरच्या बाजूला कितीही डाग असोत, धारेलगतचा बोटभर भाग शाबूत असेल तर ते पातं माझ्या लेखी चांगलं.

सात वाजता लोखंडी रंधे सुटे करायला घेतो. इथेच जास्तीत जास्त नुकसान होतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे स्क्रू आटे फुगून अडकलेले असतात. जोर लावला की स्क्रूची खाच जाते आणि मग ड्रिलशिवाय गत्यंतर नाही. रॉकेल मिळेनासं झाल्यापासून मी डिझेल आणि शिलाई मशीनचं तेल निम्मं निम्मं मिसळून आट्यांत सोडतो, हातोडीनं हलके ठोके देतो आणि बाजूला ठेवतो. खाचेत घट्ट बसेल असाच पेचकस घ्यावा.

तोवर आठ. सुटी पाती आणि पटाश्या साबणानं धुऊन तेलकटपणा काढायचा, कारण तेलाखाली ॲसिड पोचत नाही. मग प्लॅस्टिकच्या बादलीत लिटरभर पाण्याला 50 ग्रॅम लिंबूसत्त. ॲल्युमिनियमचं किंवा जस्ताचा मुलामा असलेलं भांडं इथे चालत नाही, ॲसिड त्यालाच खातं. लाकडी मूठ पाण्याबाहेर राहिली पाहिजे. घरी व्हिनेगर असेल तर तेही चालतं, फक्त वेळ जास्त लागतो. तासा-तासानं एकेक नग बाहेर काढून ब्रशनं घासून बघायचा. गंज संपल्यावर ॲसिड पोलादाकडे वळतं, म्हणून रात्रभर बादलीत टाकून झोपणं मला पटत नाही.

साडेनऊच्या सुमारास शेजारचा मुलगा आजोबांचा रंधा घेऊन आला. “काका, ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून पाच मिनिटांत चकचकीत करून देऊ?” मी त्याला पात्याचा रंग बघायला शिकवलं. पोलाद तापलं की आधी गवती पिवळं पडतं, मग तपकिरी, आणि 300 अंशांच्या आसपास निळं. निळं झालं की पाणी गेलं. त्या पात्याला धार लागते, पण टिकत नाही. लोहारानं दिलेलं पाणी ग्राइंडर क्षणात घालवतो. जुन्या हत्यारांची जितकी हानी पावसानं केली नसेल तितकी या घाईनं केली आहे, असं माझं ठाम मत आहे.

त्या रंध्याचा बिडाचा सांगाडा मात्र विजेवर ठेवला. बादलीत पाणी, लिटरला चमचाभर धुण्याचा सोडा, आणि गाडीच्या बॅटरीचा 12 व्होल्टचा जुना चार्जर. ऋण टोक रंध्याला, धन टोक भंगारातल्या साध्या लोखंडी पट्टीला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होता कामा नये. बुडबुडे येतात आणि गंज सैल होऊन सुटतो. चांगलं लोखंड झिजत नाही, ही या पद्धतीची थोरवी. दोन पथ्यं मात्र कडक पाळायची. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावायचं नाही, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. आणि हे काम उघड्यावर, विडी-काडीपासून लांब करायचं, कारण निघणारा वायू हायड्रोजन असतो.

अकरा ते एक करवत. ती मी बुडवत नाही. पातळ, ताठ पोलादात ॲसिडमधला हायड्रोजन शिरला तर ते ठिसूळ होऊ शकतं. लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून, डिझेलचे थेंब टाकत लांबीच्या दिशेनं घासायचं. पात्यावर कारखान्याचं नाव कोरलेलं असतं. जुन्या करवतींवर इंग्लंडातल्या शेफील्ड शहराचं नाव पुष्कळदा सापडतं. तिथे बारीक कागद आणि हलका हात. ते नाव पुसलं की परत येत नाही.

कोयते, कुदळी यांच्यावर एवढी मेहनत नको. सैल गंज झाडून हिरड्याचा दाट काढा फासतो. हिरड्यातलं टॅनिन उरलेल्या गंजाशी जुळून निळसर काळा थर धरतं. हिरडा आणि हिराकस घालून काळी शाई करत, ती याच गुणावर.

दुपारी दोन ते साडेतीन हा दिवसातला कसोटीचा वेळ. नुकतंच उघडं पडलेलं पोलाद ओलं राहिलं तर बघता बघता त्यावर पिवळी झाक चढते. म्हणून एका वेळी एकच नग. बादलीतून काढला, ब्रशनं काळा गाळ घासला, सोड्याच्या पाण्यात बुडवून उरलेलं ॲसिड मारलं, कढत पाणी ओतलं, लगेच कोरड्या फडक्यानं पुसला आणि उन्हात तापलेल्या पत्र्यावर ठेवला. कढत पाण्यानं लोखंड तापतं आणि कानाकोपऱ्यातली ओल स्वतःच उडून जाते. हाताला सोसेल इतकं गरम असतानाच तेलाचं बोट फिरवायचं. यादरम्यान फोन वाजला तर वाजू द्यावा.

पुढे धारेचा दगड, मग मुठींना जवसाचं तेल. त्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवा.

सहा वाजता रंधे जोडून झाले. पेटीत घालायच्या हत्यारांना मशीनचं तेल. खोबरेल कालांतरानं खवट होतं. गोणपाट काढून टाकलं, ते ओल धरतं. चामड्याच्या म्यानातही पातं ठेवत नाही.

उद्या पूजा. हळदकुंकू, अक्षता, झेंडूची ओली फुलं, पळीभर पाणी हे सगळं पोलादावर पडणार आणि पडावंच. फक्त दसऱ्याला पूजा उतरली की फुलं तशीच हत्यारांवर सुकू देऊ नका. कोरड्या फडक्यानं पुसा, तेलाचा हात फिरवा आणि मगच पेटी बंद करा.